तीन दिवसांचं कुलूप

"धरा दादा किल्ली. चौथ्या दिवशी सकाळी मीठ-हळद घेऊन येते, सातला. अण्णांच्या वेळेला," मालनवहिनी म्हणाल्या आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी पदर खोचला.

त्यांच्यामागून त्यांचे यजमान बजरंग सुतार आणि गल्लीतले तिघं जण एक खाट तिरकी करत दारातून बाहेर काढत होते. खाटेवर बजरंगची आई, हौसाबाई. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पाय घसरून म्हातारीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ह्या वयात चिरफाड नको म्हणून डॉक्टरांनी झोपवून ठेवलं होतं. खाट टेम्पोत चढवताना तिनं एकदा "अगं आई गं" केलं आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "अण्णांचा धाकला न्हवं ह्यो? बापावानीच दिसतोय की."

समोरच्या घरातल्या खुर्शीदभाभी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हौसामावशी, माहेरपणाला निघालीस व्हय?"

"कुठलं आलंय माहेर! मालधक्क्याला चाललीय," म्हातारी म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो. टेम्पो गेल्यावर मी दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली.

ह्याला आता चौदा वर्षं झाली.

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, भाडेकरूची भारी धास्ती होती. त्यांच्या थोरल्या भावाच्या मिरजेतल्याच दोन खोल्या एका भाडेकरूनं कोर्टात बसून बसून गिळल्या होत्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं अण्णांनी स्वतःच्या घरासाठी एक रीत काढली. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरूनं तीन दिवस घराबाहेर राहायचं. सामान मागच्या खोलीत राहिलं तर राहू दे, पण माणसं बाहेर. दाराला कुलूप, किल्ली अण्णांकडे. 'घर राजीखुशीने रिकामे करून मालकाच्या ताब्यात दिले' असा एक कागद, त्यावर भाडेकरूची सही. चौथ्या दिवशी सकाळी सातला नवा करार, आणि कुलूप उघडायला अण्णा स्वतः हजर. एकदा अंगात ताप होता तरी कानाला मफलर गुंडाळून गेले होते. मालनवहिनी नव्या घरात शिरावं तशा मीठ-हळद घेऊन उंबरा ओलांडायच्या आणि अण्णा त्यांना नारळ द्यायचे. गल्लीत ह्याला 'अण्णांची सुट्टी' म्हणायचे.

सुतार मंडळी नऊ वर्षं तिथं होती. बजरंगची रिक्षा होती आणि मालनवहिनी दवाखान्यांतल्या पेशंटच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे द्यायच्या. मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळे डब्यांना मरण नव्हतं. सुट्टीचे तीन दिवस ते जतकडे वहिनींच्या माहेरी जायचे. ह्या वेळी म्हातारीला घेऊन एवढ्या लांब जाणं शक्य नव्हतं, म्हणून बजरंगनं रेल्वेच्या मालधक्क्यामागं एका मित्राची पत्र्याची खोली तीन दिवसांपुरती मागून घेतली होती.

आदल्या वर्षी अण्णा गेले होते. माझ्या हातानं घातलेलं हे पहिलं कुलूप. आणि मला ते घर विकायचं होतं.

मी पुण्यात विमा कंपनीत नोकरीला. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात चार माणसं, आणि घरी सकाळ-संध्याकाळ एकच विषय: मिरजेचं घर पडून आहे, इथं मुलीला अभ्यासाला कोपरा नाही. घराच्या उताऱ्यावर माझं आणि अक्काचं, दोघांचं नाव. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, बेळगावला दिलेली. तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मला विचारशील तर भाड्यानं आहे ते बरं आहे. घर काही तुझ्याकडं भाकरी मागत नाही. पण विकायचं तर विक, सही करायला येईन मी. फक्त आधी सुतारांना तोंडावर सांग. चार महिने दे त्यांना जागा बघायला."

"सांगतो गं."

"सांगतो नव्हे, सांग. म्हातारी अंथरुणाला आहे त्यांची."

दोन दिवसांनी मी तिला फोनवर कळवलं, "सांगितलं." सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं? गिऱ्हाईक पक्कं नव्हतं म्हणून. एका डॉक्टरांना तिथं तपासण्यांची लॅब बांधायची होती. जागा त्यांना पसंत होती, पण बायकोनं बघायची होती, मग तिच्या वास्तूवाल्यानं बघायची होती. अक्षय तृतीयेला भूमिपूजन करायचं म्हणत होते, आणि घर रिकामं मिळालं तरच. सुतारांना सांगावं आणि डॉक्टर फिरावेत, तर भाडंही जायचं. न सांगावं आणि डॉक्टर पक्के व्हावेत, तर सुतार उठायचे नाहीत. मी दोन डगरींवर हात ठेवून बसलो होतो. आमचा दलाल मल्लू हारगे म्हणाला, "सांगायचं कशाला? दर सालाला आपल्या पायानं बाहेर पडत्यातच की. अण्णांनी सोय करून ठेवलीया तुमची."

मी हसलो होतो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मी घराशी गेलो. मालनवहिनी आधीच येऊन कट्ट्यावर बसल्या होत्या. शेजारी पितळी वाटी, तिच्यात मीठ आणि हळकुंड. डोईवरून पदर. डॉक्टरांच्या बायकोला सवड झाली नव्हती आणि आता रविवारी येते म्हणून निरोप होता. मी म्हटलं, "वहिनी, रजिस्ट्रार ऑफिसातलं मशीन बंद आहे. करार नोंदवल्याशिवाय आत जाता येणार नाही. आणखी दोन-तीन दिवस लागतील."

"अण्णा तर उघडून द्यायचे. नोंदणी मागनं व्हायची."

"आता कायदा बदललाय."

त्यांनी वाटीकडं बघितलं. "बरं," म्हणाल्या. "तुमी म्हणताय तर तसं. पण दादा, सासूबाईस्नी पत्र्याचं सोसंना बगा. दुपारचं अंग नुसतं भाजतंय. ओली साडी टाकून ठिवतोय वर."

"दोनच दिवस," मी म्हटलं.

त्या उठल्या, वाटी पदराखाली धरली आणि निघाल्या. खुर्शीदभाभी समोरून बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघायचं टाळून स्टेशनाजवळच्या माझ्या लॉजवर गेलो.

सहाव्या दिवशी बजरंग लॉजवर आला. खाली रिक्षा लावून वर आला, खुर्चीवर बस म्हटलं तर बसला नाही. उन्हानं डोळे लाल झालेले.

"दादा, एक मागतो. आमी कोण आत येत न्हाई. मी रिक्षात झोपतो, मालन कट्ट्यावर पडंल. आईला तेवढी आत घ्या. फरशी गार हाय तिथली. करार हुईल तवा हुईल."

"बजरंग, मला का कळत नाही? पण कागद झाल्याशिवाय..."

"आईनं काल पाणीबी टाकलं. डॉक्टर म्हनला, गारव्याला ठेवा. कुठं ठेवू? दवाखान्यात खाट मागितली, ते म्हनले, अशा पेशंटला आमी करनार काय." तो थांबला. "अण्णा असते तर..."

अण्णा असते तर काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "उद्या बघतो. नक्की." तो गेल्यावर मी हारगेला फोन केला आणि खरंच विचारलं, घेऊ का म्हातारीला आत? एवढं तरी माझ्यात शिल्लक होतं, असं आता मीच माझी समजूत घालतो.

हारगे म्हणाला, "येडं का खुळं तुमी? अंथरुणावरचं माणूस एकदा आत घेतलं की कोर्टसुदिक हलवत न्हाई. उद्या वास्तूवाला येतोय. एक दीस कळ काढा."

मी एक दिवस कळ काढली. काढली तिनं, पत्र्याखाली. मी लॉजवर पंख्याखाली पडून होतो.

रविवारी डॉक्टरांच्या पत्नी आल्या, वास्तूवाला आला. मी कुलूप उघडून सगळं घर दाखवलं. मागच्या खोलीत सुतारांचं सामान रचलेलं होतं. डब्यांच्या चळती, पिठाचा डबा, देवघर फडक्यात बांधलेलं. "हे कुणाचं?" बाईंनी विचारलं. "आमचंच जुनं. काढतो दोन दिवसांत," हारगे माझ्याआधी बोलला. वास्तूवाल्यानं ईशान्येला मान डोलावली. संध्याकाळी फोन आला: पसंत आहे, उद्या अकराला विसार द्यायला येतो.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पुण्याला फोन केला, मुलीशी बोललो, तिला म्हटलं तुला खोली होणार. सुतारांना विसार झाल्यावर सांगू, हातात थोडे पैसे ठेवू, चांगली जागा बघून देऊ, असं सगळं मनाशी ठरवून झोपलो.

सोमवारी सकाळी साडेसातला बजरंगचा फोन. आवाज कोरडा. "दादा, आई गेली. पहाटं."

मी काहीतरी बोललो.

"तिला घरातनं न्यायची हाय. गल्ली सगळी तिथं हाय, नऊ वर्सं तिथंच काढल्यात तिनं. पत्र्याच्या खोलीतनं, परक्याच्या दारातनं कशी काढू? तासभर दार उघडा. आंघोळ घालतो आन् नेतो."

"येतो मी," म्हणालो.

वाटेत हारगे भेटला, की मीच त्याला बोलावून घेतला होता, आता नीट आठवत नाही. आठवायचं नाही असंही असेल. तो म्हणाला, "आवटीसाहेब, ध्यानात घ्या. मयत आत गेलं की ठेवल्या जागी दिवा लावणार. दिवा दहा दिवस विझवता येत न्हाई. मग दहावं, बारावं, तेरावं. तेरा दिवस त्यास्नी बाहेर काढायची छाती हाय तुमची? आन् अकराला डॉक्टर येणार. दारात तिरडी बघून विसार देणार हैत व्हय ते?"

मी विचारलं, "मग काय सांगू त्यांना?"

"किल्ली भनीकडं हाय म्हणून सांगा. बेळगावला."

गल्लीत पोचलो तेव्हा टेम्पो आलेला होता. म्हातारीला कट्ट्यावर, बंद दारासमोर निजवलं होतं. अंगावर तिची रोजची फुलाफुलांची चादर. चेहरा एवढासा झालेला. ओठ सालपटलेले. बायका रडत होत्या, पुरुष बांबू आणि सुतळी घेऊन उभे होते. मालनवहिनी म्हातारीच्या उशाशी बसल्या होत्या. मला वाट करून द्यायला माणसं बाजूला सरकली. सगळ्यांना वाटलं, हा आता दार उघडणार.

"किल्ली माझ्याकडं नाही," मी म्हणालो. "अक्काकडं राहिली. बेळगावला."

मग बजरंग म्हणाला, "काल तर तुमी घर दाखवत हुता कुणाला तरी. भाभींनी बघितलं."

"त्यानंतर नेली तिनं. काल संध्याकाळी."

खुर्शीदभाभी म्हणाल्या, "मग कुलूप तोडा की. दहा रुपयांचं कुलूप. मी देते दुसरं." दोघं पोरं दगड शोधायला वळलीसुद्धा. हारगे पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "मालकाच्या घराचं कुलूप तोडायचं न्हाई. पोलिस केस हुईल, आधीच सांगतोय." बजरंग माझ्याकडं आला. अगदी जवळ. त्याच्या अंगाला घामाचा आणि उदबत्तीचा वास येत होता. "दादा," तो म्हणाला, "आईकडं बगून सांगा. किल्ली न्हाई?"

मी म्हातारीकडं बघितलं आणि म्हटलं, "नाही."

त्याची मूठ वळलेली मी बघितली. त्याच वेळी मालनवहिनी उठल्या. आमच्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडं पाठ करून नाही, तोंड करून. माझ्याकडं दोन क्षण बघितलं. मग वळून बजरंगच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. हितंच घालू आंघोळ. आत्याबाईस्नी ऊन लागाय नको, चला. भाभी, साड्या आना चार."

गल्लीतल्या बायकांनी कट्ट्याभोवती साड्या धरल्या. खुर्शीदभाभींच्या घरातून तापवलेलं पाणी आलं. साड्यांच्या खालून ते पाणी गल्लीत वाहत आलं आणि माझ्या चपलांपाशी थांबलं. मी मागं सरकलो. तिरडी साडेनवाला उठली. मी खांदा द्यायला पुढं गेलो, पण कुणी जागा केली नाही.

अकराला गल्ली झाडून, धुऊन स्वच्छ झाली होती. डॉक्टर आले, विसार दिला. "वस्ती शांत आहे," ते म्हणाले.

अक्काला मी सांगितलं की सुतारांची म्हातारी गेली आणि ते आपणहून सोडताहेत. तिनं विचारलं, "घरातच गेली ना? हाल नाही ना झाले?" मी म्हटलं, "घरातच." मे महिन्यात तिनं सही केली. त्या जागेवर आज तीन मजली लॅब उभी आहे आणि सकाळी रक्त द्यायला आलेले लोक जिथं रांग लावतात तिथंच तो कट्टा होता. पुण्याला आम्ही मोठा फ्लॅट घेतला. मुलीला खोली झाली. ती लग्न करून गेली, खोली रिकामीच असते.

पण मला सांगायचं होतं ते हे नव्हे. तेरावं झाल्यावर सुतार सामान न्यायला आले, त्या दिवशीचं सांगायचं होतं.

बजरंग आत आला नाही. बाहेर टेम्पोशी पाठमोरा उभा राहून मालनवहिनी देतील ते सामान वर घेत होता. मी पुढच्या खोलीत 'राजीखुशी'चा कागद घेऊन उभा होतो. डॉक्टरांच्या वकिलाला तो हवा होता, अण्णांच्याच मसुद्यातला. सगळं सामान गेल्यावर वहिनींनी कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि घर झाडायला सुरुवात केली. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, पाडायचंच आहे." त्या थांबल्या नाहीत. मागची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी, सगळं झाडून केर सुपात भरला. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सासूबाई रोज इचारायच्या," त्या म्हणाल्या. हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये असं. "आज कितवा दिवस गं मालन? चौथ्या दिवशी मी मोकळ्या हातानं परत गेले, तवापास्नं खोटं बोलाय लागले. म्हनायची, आज दुसरा. दुसऱ्या दिवशी म्हनायची, अजून दुसराच, तुमास्नी झोप लागली हुती. जायच्या आदल्या राती म्हटलं, आत्या, आज तिसरा. उद्या सकाळी जायचं. तवा म्हनल्या, मग केस इंचर माजं, अण्णांचं पोरगं दारात उभं असंल."

मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी किल्ली..."

"तुमच्या खिशात हुती," त्या म्हणाल्या. "वरच्या. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, आकार दिसत हुता. मी नऊ वर्सं वापरलीय ती किल्ली, मला कळायची न्हाई व्हय?"

बाहेर बजरंगनं टेम्पोची फळी वर लावल्याचा आवाज झाला.

"मग बोलला का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"ह्यास्नी कळलं असतं तर ह्यांनी तुमाला तिथंच आडवं केलं असतं." त्यांनी सूप उचललं. "एक मयत दारात हुतं. दुसरं कशाला? तुमची पोर लहान हाय."

माणूस असतो तर तिथंच त्यांचे पाय धरले असते. मी कागद पुढं केला, बोटानं जागा दाखवली आणि म्हटलं, "इथं सही करा."